गॅझेटेड झालात? ओव्हरटाइम विसरा, पण हक्काचे पैसे सोडू नका

डिसेंबरातली रात्र, नागपुरात अधिवेशन चालू. सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या कार्यालयात मी सव्वा वाजता विधिमंडळातल्या एका लक्षवेधी सूचनेच्या उत्तराचा चौथा मसुदा वाचत बसलो होतो. दार ढकलून ड्रायव्हर आत आला. मफलर कानाला घट्ट, हातात गाडीचं लॉगबुक. "साहेब, सही करा जी. आजचा ओव्हरटाइम भराचा आहे." मी वेळ तपासली, सही केली. लॉगबुक बगलेत मारत त्यानं अगदी निरागसपणे विचारलं, "अन् तुमचा कोन भरते जी?"

हसण्यावारी नेलं तेव्हा, पण प्रश्न बरोबर होता. मी कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि गट-अ मधून निवृत्त झालो. लिपिक असताना ड्रायव्हरांची अतिकालिक भत्त्याची, म्हणजे ओव्हरटाइमची, बिलं मीच तयार करायचो. आपण अधिकारी झालो की जादा कामाचं काय होतं हे मात्र कोणी सांगितलं नाही. ते मी चुका करून शिकलो, आणि त्यातली एक चूक सात महिन्यांची होती. नुकतेच बढतीने किंवा लोकसेवा आयोगातून आलेले जे तरुण अधिकारी मला फोन करतात, त्यांना सांगतो तेच इथे क्रमाने लिहितो आहे.

१. आधी आपण कोणत्या रांगेत उभे आहोत ते बघा

नागपुरात "सरकारी साहेब" हा एक प्रकार नाही. जिल्हाधिकारी कार्यालय, विभागीय आयुक्तालय, जिल्हा परिषद, प्रशासकीय इमारतींतली खाती इथे राज्याचे नियम चालतात. आयकर, महालेखापाल, रेल्वे इथे केंद्राचे. वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स) आणि मॉयल या सरकारी खाण कंपन्या, त्यांचं सगळंच वेगळं. तिथे कामगाराला जादा तासांचे पैसे दुप्पट दराने मिळतात. एक्झिक्युटिव्ह ग्रेडला ओव्हरटाइम नाही, कामगिरीशी जोडलेलं वेतन असतं आणि ते कंपनीच्या नफ्यावर ठरतं. कंपनीतल्या शेजाऱ्याचं ऐकून तुम्ही तुमच्या डीडीओकडे (बिलं काढणाऱ्या आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे) गेलात तर तो चहा पाजेल, बिल काढणार नाही.

पुढचं सगळं राज्य आणि केंद्र सरकारच्या गट-अ, गट-ब राजपत्रित, म्हणजे गॅझेटेड, अधिकाऱ्यांसाठी आहे.

२. ओव्हरटाइम का मिळत नाही, हे एकदा नीट समजून घ्या

समजून घेतलं की चिडचिड कमी होते आणि अर्जही सरळ लिहिला जातो.

केंद्राच्या मूलभूत नियम ११ चा आशय असा की सरकारी नोकराचा पूर्ण वेळ सरकारच्या स्वाधीन असतो. राज्याची धारणाही हीच आहे. कार्यालयाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा, पाच दिवसांचा आठवडा (आपल्याकडे २९ फेब्रुवारी २०२० पासून), हे सगळं कामाची सोय म्हणून. सव्वासहानंतरचा तुमचा वेळ वेगळा विकत घ्यावा लागतो असं सरकार मानत नाही.

ज्यांना अतिकालिक भत्ता मिळतो तो अपवाद म्हणून मिळतो. राज्याच्या अर्थसंकल्पात त्याचं स्वतंत्र उद्दिष्ट शीर्ष, म्हणजे खर्चाचं वेगळं खातं, आहे, '०३ अतिकालिक भत्ता'. आमच्या ड्रायव्हरचे पैसे त्यातूनच जायचे. केंद्रात तर १९ जून २०१८ च्या आदेशाने हा भत्ता बहुतेकांचा बंद झाला. यंत्रं, उपकरणं चालवणारे आणि कार्यालय प्रत्यक्ष चालू ठेवणारे अराजपत्रित 'ऑपरेशनल' कर्मचारी आणि कायद्याने संरक्षण असलेले औद्योगिक कामगार एवढेच उरले. दरही १९९१ चेच राहिले, त्यामुळे ज्यांना मिळतो त्यांचाही फार हेवा करू नका.

"कायद्यात तर दुप्पट मजुरी लिहिली आहे" असं सांगणारा एक तरी सहकारी भेटतोच. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ५९ मध्ये ती होती, खरं आहे. नोटा आणि मुद्रांक छापणाऱ्या सरकारी महामंडळातल्या पर्यवेक्षकांनी त्याच आधारावर दुप्पट ओव्हरटाइम मागितला. न्यायाधिकरणात जिंकले, मुंबई उच्च न्यायालयातही टिकले. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते सगळं फिरवलं. सरकारी पद धारण करणाऱ्याला त्या पदाचे लाभ मिळतात, वेतन आयोग मिळतो, आणि त्याचबरोबर पूर्ण वेळ सरकारच्या स्वाधीन असण्याची अटही येते. दोन्हीकडचं गोड तेवढं उचलता येत नाही, असा त्या निकालाचा सूर आहे. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यातली सुरक्षा व कामाच्या परिस्थितीची संहिता केंद्र आणि राज्य सरकारच्या कार्यालयांना लागूच नाही. तेव्हा त्या वाटेला जाऊन वकिलाची फी घालवू नका.

३. 'ओव्हरटाइम' हा शब्द अर्जातून काढून टाका

हे छोटं वाटेल, पण इथेच निम्मे अर्ज मरतात. "मी अमुक तारखेपासून कार्यालयीन वेळेनंतर जादा काम केले, त्याचा मोबदला मिळावा" असं लिहिलं की लेखा शाखेतला लिपिक दोन ओळींत फाइल बंद करतो: 'सदर अधिकारी राजपत्रित असल्याने अतिकालिक भत्ता अनुज्ञेय नाही.' त्याचं काही चुकत नाही. तुम्ही जे नाहीच तेच मागितलंत.

नियमात जे आहे त्याची नावं वेगळी आहेत. दुसऱ्या रिकाम्या पदाचं काम केलंत तर अतिरिक्त कार्यभाराचं वेतन. नेहमीच्या कामाबाहेरचं, अधूनमधून येणारं खास काम केलंत तर मानधन. आणि तिसरी गोष्ट म्हणजे रजा, जिच्याकडे कोणी पैसे म्हणून बघतच नाही. तुमचं काम या तिघांपैकी कशात बसतं ते ठरवा. अधिवेशनातल्या माझ्या रात्री, खरं सांगायचं तर, कशातच बसत नव्हत्या. विधिमंडळाच्या प्रश्नांना उत्तरं देणं हे माझ्या पदाचंच काम होतं. त्याचे पैसे मी कधी मागितले नाहीत, तुम्हीही मागू नका.

४. अतिरिक्त कार्यभार: खरे पैसे इथे आहेत आणि खरे खड्डेही

शेजारचं पद रिकामं झालं, वरिष्ठांनी बोलावून सांगितलं, "जरा सांभाळून घ्या, महिनाभरात कोणी येईल." तो महिना नागपुरात सहसा वर्षाचा होतो.

माझं असंच झालं. मला आलेल्या आदेशात लिहिलं होतं, "आपल्या पदाचे काम सांभाळून सदर पदाचे दैनंदिन कामकाज पाहावे." मी सात महिने पाहिलं. दोन कार्यालयं, दोन शिक्के, दुपारपर्यंत इथे आणि तीननंतर तिथे, भर मे महिन्यात. नवे अधिकारी रुजू झाल्यावर मी अर्ज केला. पंधरा दिवसांत परत आला, हिरव्या शाईत शेरा: 'आदेशात अतिरिक्त कार्यभार असा उल्लेख नाही. दावा अमान्य.'

'दैनंदिन कामकाज पाहावे' आणि 'अतिरिक्त कार्यभार सोपविण्यात येत आहे' या दोन वाक्यांतला फरक मला सात महिन्यांच्या पैशाला पडला. नियमाच्या भाषेत पहिलं म्हणजे नुसतं रोजचं काम ढकलणं. त्याला कितीही काळ गेला तरी मोबदला नाही. दुसरं म्हणजे त्या पदाचे सगळे अधिकार आणि सगळी जबाबदारी घेऊन पूर्ण कार्यभार. पैसे त्याचेच.

राज्याच्या अधिकाऱ्यांसाठी पाया म्हणजे महाराष्ट्र नागरी सेवा (वेतन) नियम, १९८१ मधला नियम ५६. दर आणि मर्यादा वित्त विभागाच्या त्या त्या वेळी लागू असलेल्या शासन निर्णयानुसार लागतात. शासनाच्या संकेतस्थळावरून तो निर्णय स्वतः उतरवून घ्या, त्यावरचा संगणक संकेतांक टिपून ठेवा आणि अर्जात तो लिहा. "शासन निर्णयानुसार" एवढंच लिहिलेला अर्ज आणि संकेतांकासह लिहिलेला अर्ज यांना लेखा शाखेत मिळणारी वागणूक वेगळी असते. हे मी दोन्ही बाजूंच्या खुर्चीत बसून सांगतोय.

केंद्रातल्यांसाठी मूलभूत नियम ४९. तिथलं गणित असं:

- दुसरं पद दुसऱ्या कार्यालयातलं, किंवा त्याच कार्यालयातलं पण वेगळ्या संवर्गातलं हवं. त्याच कार्यालयात, त्याच संवर्गात, त्याच वेतनाचं दुसरं टेबल सांभाळलंत तर काही नाही, कितीही दिवस असो.
- कार्यभार ४५ दिवसांपेक्षा जास्त हवा. ४४ व्या दिवशी कोणी रुजू झालं तर नशीब.
- ही अट पूर्ण झाली की त्या पदाच्या गृहीत वेतनाच्या (त्या पदावर असता तर मिळालं असतं त्या वेतनाच्या) १० टक्के, तेही तीन महिन्यांपर्यंतच. पुढे न्यायचं तर वित्त मंत्रालयाची संमती लागते.
- खालच्या पदाचं काम केल्याबद्दल जादा वेतन नाही.

गृहीत वेतन ६७,७०० रुपये धरलं तर महिन्याला ६,७७० रुपये. रक्कम मोठी नाही. पण त्याच कागदामुळे सहीचे अधिकार, गाडी, आणि पुढे गोपनीय अहवालात त्या कामाची नोंद, हे सगळं येतं. पैशापेक्षा ते कागद मला जास्त मोलाचे वाटतात, कारण चौकशी लागली तर ती पूर्ण जबाबदारीने लागते, 'मी फक्त पाहत होतो' हे तेव्हा कोणी ऐकत नाही.

आता करायचं काय? तोंडी सांगितलं त्याच दिवशी, शक्यतो त्याच संध्याकाळी, वरिष्ठांना एक छोटं पत्र द्या. त्यात एवढंच: आपण आज दिलेल्या निर्देशानुसार सदर पदाचा अतिरिक्त कार्यभार घेण्यास तयार आहे, सक्षम प्राधिकाऱ्याचे आदेश निर्गमित व्हावेत. पैशाचा उल्लेख नको. आदेश आला की तीन गोष्टी तपासा: 'अतिरिक्त कार्यभार' हे शब्द आहेत का, सही सक्षम प्राधिकाऱ्याची आहे का, आणि तारीख कोणत्या दिवसापासून आहे. शब्द चुकला असेल तर त्याच आठवड्यात शुद्धिपत्रक मागा. सहा महिन्यांनी मागितलेलं शुद्धिपत्रक कोणी काढत नाही, काढलं तर ऑडिट त्यावर बोट ठेवतं.

आणि सीटीसी, म्हणजे कार्यभार हस्तांतरणाचं प्रमाणपत्र. घेताना एक, सोडताना एक. त्यावर मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर हे लिहायला विसरू नका. केंद्रात ४५ दिवसांची मोजणी असते तिथे अर्ध्या दिवसावरून वाद झालेला मी पाहिला आहे. सीटीसीची प्रत कोषागाराला, महालेखापाल कार्यालयाला आणि स्वतःच्या घरी. घरची प्रत सगळ्यात महत्त्वाची. कार्यालयातली प्रत बदलीच्या वेळी कपाटाबरोबर जाते.

मध्ये तुम्ही रजेवर गेलात तर तो काळ मोजणीत अडचणीचा ठरतो, म्हणून लांब रजा घ्यायची असेल तर आधी आस्थापना शाखेत विचारून घ्या.

५. मानधन: काम सुरू होण्याआधी मंजुरी

मानधनाची व्याख्या लक्षात ठेवा: प्रासंगिक किंवा अधूनमधून येणाऱ्या खास कामाबद्दल दिलेला मोबदला. तुमच्या पदाच्या कर्तव्यात जे मोडतं त्याला मानधन नाही. जास्त मेहनत केली म्हणूनही नाही. काम वेगळं असावं लागतं.

ठळक उदाहरण निवडणुकीचं. ऑगस्ट २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने मतदार नोंदणी अधिकाऱ्यांना ३०,००० रुपये आणि सहायक मतदार नोंदणी अधिकाऱ्यांना २५,००० रुपये मानधन पहिल्यांदाच ठरवलं. आपल्याकडे ही कामं उपजिल्हाधिकारी, तहसीलदार मंडळी करतात. इतकी वर्षं याद्यांसाठी रात्री जागवणाऱ्यांना यातलं काही नव्हतं. बीएलओंना (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांना) होतं, पर्यवेक्षकांना होतं, मधल्या साहेबांना नाही. म्हणजे मोठ्या साहेबांना काही मिळतच नाही हे समीकरण बदलू शकतं, फक्त ते कार्यालयातल्या फाइलीवर बदलत नाही, वरच्या आदेशाने बदलतं. तुमच्या नावाचा नियुक्ती आदेश आणि कालावधी नीट असला की ही रक्कम फार खटपट न करता येते.

दुसरा प्रकार व्याख्यानांचा. वनामतीत, यशदात किंवा दुसऱ्या प्रशिक्षण संस्थेत शिकवायला बोलावतात. जाताना आपल्या कार्यालयाची परवानगी लेखी घ्या, कामाच्या दिवशी जाणार असाल तर कर्तव्यकाल धरायचा की रजा हे त्याच पत्रात स्पष्ट करून घ्या. एकाच दिवसाचं मानधनही घेतलं आणि प्रवास भत्त्याच्या बिलात तोच दिवस दोनदा दाखवला, अशी चूक घाईत होते. खुलासा देताना फार कोंडी होते.

परीक्षा, जनगणना, चौकशी अधिकारी म्हणून नेमणूक, या सगळ्यांना हाच नियम: आधी आदेश, आदेशात मानधनाचा उल्लेख, मग काम. काम झाल्यावर "साहेब, काही मानधन निघेल का" असं विचारलं की ते उपकार होतं, हक्क राहत नाही. आणि हो, हे सगळं उत्पन्न करपात्र आहे. फॉर्म १६ मध्ये दिसत नसलं तरी विवरणपत्रात दाखवा.

६. सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर

बदली सुट्टी, म्हणजे आपण ज्याला 'सी-ऑफ' म्हणतो, ती सोय मुळात अराजपत्रित कर्मचाऱ्यांसाठी आहे. अधिकाऱ्यांच्या बाबतीत सगळं वरिष्ठांच्या मर्जीवर आणि बहुधा तोंडी. "रविवारी आला होतात ना, मग सोमवारी दुपारून या." तुम्ही सोमवारी दुपारी येता. बायोमेट्रिकमध्ये अर्धा दिवस गैरहजेरी लागते. तीन महिन्यांनी वरिष्ठ बदलतात, आणि नवे साहेब आस्थापनेकडून यादी मागवतात. मग वर्षाच्या आठ किरकोळ रजांतून तो अर्धा दिवस कापला जातो.

म्हणून तोंडी सवलत घ्या, पण त्याच दिवशी ईमेलवर एक ओळ टाका: आपल्या सूचनेनुसार आज दुपारी दोन वाजता उपस्थित राहत आहे. बास. त्यांनी उत्तर दिलं नाही तरी चालतं.

खरी बचत अर्जित रजेत आहे. वर्षाला ३० दिवस, १ जानेवारीला १५ आणि १ जुलैला १५ असे खात्यात आगाऊ पडतात. जास्तीत जास्त ३०० दिवस साठतात, त्यापुढचे वाहून जातात. निवृत्तीच्या वेळी मूळ वेतन अधिक महागाई भत्ता भागिले तीस, गुणिले शिल्लक दिवस, एवढी रक्कम मिळते. समजा त्या दिवशी तुमचं मूळ वेतन एक लाख आणि महागाई भत्ता पन्नास हजार आहे, तर ३०० दिवसांचे पंधरा लाख. सरकारी नोकराला यावर आयकरही नाही. आयुष्यभर न मिळालेल्या ओव्हरटाइमचा हिशेब मी इथे मनातल्या मनात चुकता केला.

पण ३०० झाल्यावरही रजा न घेणारे शहाणे मी कमी पाहिले नाहीत. "कामच सोडत नाही हो." मग दर सहा महिन्यांना पंधरा दिवस सरकारजमा. पुढच्या काळात तरी रजा घ्या, पचमढीला जा, चिखलदऱ्याला जा, नाहीतर घरी झोपा. सेवापुस्तकातला रजेचा हिशेब वर्षातून एकदा स्वतः बघा. माझ्या पुस्तकात एका बदलीच्या वर्षी १ जुलैचे पंधरा दिवस जमाच केले नव्हते. ते सापडायला अकरा वर्षं लागली.

७. फाइलीला काय काय जोडायचं

अर्ज एक पानाचा. मागे हे, याच क्रमाने:

- सक्षम प्राधिकाऱ्याचा आदेश, शुद्धिपत्रक असल्यास तेही
- सीटीसी, घेतल्याची आणि सोडल्याची
- पद रिकामं होतं याचा पुरावा: आधीच्या अधिकाऱ्याचा बदली किंवा निवृत्तीचा आदेश
- त्या काळातल्या तुमच्या रजेचा तपशील, नसल्यास 'निरंक' असं लिहून
- दोन्ही पदांची वेतनश्रेणी दाखवणारा उतारा
- लागू शासन निर्णयाची प्रत, संकेतांकासह, ज्या परिच्छेदावर मागणी आहे तो अधोरेखित
- रकमेचा महिनावार तक्ता
- यापूर्वी याच कालावधीसाठी दावा केलेला नाही, असं प्रमाणपत्र

तक्ता स्वतः बनवा. लिपिकावर सोडलात तर तो त्याच्या सोयीने बनवेल, आणि त्याच्याकडे आधीच चाळीस फाइली आहेत. मीही तेच करायचो.

८. फाइल कुठे कुठे बसते

आवक शाखेत द्या, क्रमांक आणि तारखेचा शिक्का तुमच्या प्रतीवर घ्या. तिथून आस्थापना, आस्थापनेची टिपणी, लेखा शाखेचा अभिप्राय, मंजुरी आदेश, मग डीडीओकडे, सेवार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत नोंद, आणि बिल कोषागारात. ऐकायला सरळ आहे. प्रत्यक्षात ती दोन जागी हमखास बसते.

पहिली जागा लेखा शाखेचा अभिप्राय. तिथे 'त्रुटीपूर्ततेसाठी परत' असा शेरा एकेका कागदासाठी वेगवेगळा येतो. आज सीटीसी नाही, पुढच्या महिन्यात रजेचा तपशील नाही. भांडू नका. जाऊन बसा आणि विनंती करा की सगळ्या त्रुटी एकदाच लिहून द्या. बहुतेक जण देतात.

दुसरी जागा बीम्सवरची, म्हणजे निधी वाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवरची, तरतूद. मंजुरी आहे, बिल तयार आहे, आणि शीर्षात पैसे नाहीत. मार्च तोंडावर असेल तर फाइल पुढच्या वर्षात गेलीच समजा. म्हणून शक्य असेल तर दावा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पोचवा. सुधारित अंदाजांत बसवता येतो. डिसेंबरात तर नागपुरात कोणाला भेटूच नका. अख्खी यंत्रणा विधानभवन, रविभवन आणि आमदार निवासाच्या त्रिकोणात फिरत असते, तुमच्या ६,७७० रुपयांचं कोणाला पडलेलं नसतं.

९. पैसे मिळाल्यावरचा धोका

हे कोणीच सांगत नाही. पैसे खात्यात आले म्हणजे संपलं असं नाही. चार वर्षांनी ऑडिट येतं किंवा निवृत्तीच्या वेळी वेतन पडताळणी होते, आणि आक्षेप निघतो: अमुक काळाचं जादा वेतन अनुज्ञेय नव्हतं, वसुली करावी.

"सर्वोच्च न्यायालयाने वसुलीला बंदी घातली आहे" असं तुम्हाला सांगितलं जाईल. डिसेंबर २०१४ च्या त्या निकालात प्रामुख्याने वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्यांना संरक्षण दिलं आहे. शिवाय निवृत्त झालेले, वर्षभरात निवृत्त होणारे, आणि पाच वर्षांपेक्षा जास्त काळ जादा रक्कम घेत आलेले, यांनाही. पण जुलै २०१६ च्या दुसऱ्या निकालात असं ठरलं की ज्या अधिकाऱ्याने 'जादा प्रदान झाल्यास परत करीन' असं हमीपत्र दिलं आहे, त्याच्याकडून वसुली होऊ शकते. आणि वेतननिश्चितीच्या वेळी आपण सगळे ते हमीपत्र सही करून मोकळे होतो, न वाचता. त्या हमीपत्राची प्रत ठेवा. आणि संशयास्पद वाटणारी रक्कम खात्यात आली तर खर्च करण्याआधी लेखी विचारा. माझ्या एका सहकाऱ्याच्या उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) वसुली झाली. रकमेपेक्षा त्याला सोसावा लागलेला मनस्ताप मोठा होता.

१०. नकार आला तर

आधी नकार लेखी मागा, कारणासह. तोंडी नकारावर काहीच करता येत नाही. मग माहितीच्या अधिकारात, दहा रुपयांच्या शुल्कात, त्याच कार्यालयाने गेल्या पाच वर्षांत अतिरिक्त कार्यभाराचं वेतन कोणाकोणाला मंजूर केलं त्या आदेशांच्या प्रती मागा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. स्वतःच्याच कार्यालयात अर्ज टाकायचा म्हणजे जरा अवघड वाटतं, मलाही वाटलं होतं. पण तुमच्यासारखंच प्रकरण आधी मंजूर झालेलं सापडलं, तर पुढचं सगळं सोपं होतं.

ती प्रत जोडून वरच्या प्राधिकाऱ्याकडे निवेदन द्या. एकच, नीट लिहिलेलं. राज्याच्या अधिकाऱ्यांसाठी पुढची पायरी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचं नागपूर खंडपीठ, केंद्राच्या अधिकाऱ्यांसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, ज्याचं मुंबई खंडपीठ नागपुरात फिरतं काम करतं. इथे मुदत पाळावी लागते. निवेदनावर अंतिम उत्तर आलं तर त्या तारखेपासून एक वर्ष. उत्तरच आलं नाही तर सहा महिने वाट बघायची आणि त्यानंतर एक वर्षाच्या आत अर्ज करायचा. दर दोन महिन्यांनी स्मरणपत्र टाकलं म्हणजे मुदत वाढते हा गैरसमज फार पसरलेला आहे. वाढत नाही. माझे सात महिन्यांचे पैसे याच गैरसमजात गेले: नऊ स्मरणपत्रं लिहिली, सगळ्यांच्या पोचपावत्या अजून आहेत.

निवेदन दिलं त्या दिवसाचा आवक शिक्का, तिथून सहा महिने, तिथून पुढे एक वर्ष. या तीन तारखा घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. दुसऱ्या वेळी आमच्या सौ.नी त्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गॅस सिलिंडरच्या नोंदीशेजारी लिहून ठेवल्या होत्या. माझ्या ऑफिसच्या डायरीवर तिचा विश्वास उरला नव्हता.